कवळीवाल्या काकूंचं लपवलेलं सामान

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाल्या काकू म्हणायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि काकू पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवत. टेबलावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, झिलई द्यायची छोटी मोटर आणि बारीक, वाकड्या टोकांची कोरणी. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातून गेलंय," असं त्या म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पुढे कवळ्या संगणकावर निघायला लागल्या. मागे पडू नये म्हणून काकूंनी कर्ज काढून मोठं यंत्र घेतलं. यंत्राची सवय होतेय तोवर डॉक्टरांनी कामं एका कंपनीकडे वळवली. हप्ते थकले, तगाद्याचे फोन सुरू झाले. नवरा पूर्वीच गेलेला. शेवटी कॉलेजात शिकणारी लेकच म्हणाली, "आई, दिवाळखोरीचा अर्ज करू. सुटशील यातून."

लहानपणी काकूंनी शेजारच्या घरी जप्ती पाहिली होती. शेवटी एक पातेलं उरलं, त्यात दूध होतं. ते ओतून मिळेपर्यंत जप्तीची माणसं शांतपणे उभी होती. त्यांचं ते शांत उभं राहणंच काकूंच्या डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक कॉलेजला गेल्यावर काकूंनी मोटर, कोरणी आणि आईची सोन्याची साखळी चादरीत बांधली आणि रिक्षा करून नणंदेचं घर गाठलं.

"वन्सं, थोडे दिवस ठेवा. कुणी विचारलं तर तुमचंच म्हणा."

"अहो वहिनी, ही मोटर माझी कशी म्हणू? मला नुसते दात काढता येतात, बसवता कुठे येतात?"

दोघी हसल्या, पण हसू काही ओठांच्या आत गेलं नाही.

त्या आठवड्यात मायलेकी वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई अर्ज भरता भरता म्हणाल्या, "अलीकडे कुणाला काही दिलंत, विकलंत, ठेवायला दिलंत?"

"नाही," काकू म्हणाल्या.

लेकीनं मान वळवली. "आई, मोटर दुरुस्तीला दिलीय म्हणालीस ना?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि सगळं सांगून टाकलं.

"काकू, घाबरून उलटंच केलंत तुम्ही. अंथरूण, भांडीकुंडी, पोटापाण्याची हत्यारं एका मर्यादेपर्यंत कायदाच तुमच्याकडे राहू देतो. फक्त सगळं उघड सांगायचं. लपवलं की ते संरक्षण गेलं, अर्जही फेटाळतील, वर फसवणुकीचा ठपका."

"आणि वन्सं?"

"त्यांनाही जाब विचारतील. अजून अर्ज गेलेला नाही. आजच्या आज सामान परत आणा."

काकू तशाच नणंदेकडे धावल्या. दाराला कुलूप! फोन बंद. बाई कुठे गेल्या ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढचे दिवस काकूंना घास गिळवेना. वन्संनी "कसली मोटर?" असं म्हटलं तर? हातात पुरावा काहीच नाही, आणि 'तुमचंच म्हणा' हे तर आपणच शिकवून आलो. जिन्यात पाऊल वाजलं की त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. लेक चिडली, मग आईचे गार पडलेले हात तिनं आपल्या हातांत घेतले.

एका सकाळी वन्संच दारात उभ्या राहिल्या, काखेत तेच गाठोडं.

"वहिनी, घ्या बाई तुमचं तुम्हाला! दारावर कुणी आलं की मी हे पलंगाखाली सरकवत होते. शेवटी कुलूप घातलं आणि हे उचलून माझ्या लेकीकडे पळाले. फोनसुद्धा बंद ठेवला. तिथेही झोप नाही."

काकूंनी उंबऱ्यातच गाठोडं सोडून एकेक वस्तू मोजली; सगळं जागेवर होतं.

अर्जात सगळं लिहिलं गेलं, गाठोड्याची ही फेरीसुद्धा. महिन्याभरानं सामानाची नोंद करायला कोर्टाचे अधिकारी घरी आले. बोलणं अगदी हळू. खोलीभर फिरून मोटरीपाशी थांबले.

"ही पहिल्यापासून इथेच होती?"

"नाही साहेब. भीतीपोटी नणंदेकडे ठेवली होती. परत आणली. लिहिलंय मी तसं."

त्यांनी कागद चाळले. तो पानांचा आवाज काकूंना सोसवेना. अखेर ते म्हणाले, "लिहिलंय. राहू द्या. काम करता ना हिच्यावर?"

मोठं यंत्र कर्ज देणाऱ्या कंपनीनं उचलून नेलं. साखळी मर्यादेत बसली नाही, तीही गेली. ती हातातून सोडताना काकू रडल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. पलंग, शेगडी, मोटर, कोरणी राहिली. काही महिन्यांनी कोर्टाचा हुकूम झाला आणि उरलेलं कर्ज माफ झालं.

हल्ली त्या तुटक्या कवळ्या सांधून देतात आणि त्यावर घर भागतं. तरी मधूनच वकीलबाईंना फोन करतात.

"आता कुणी येणार नाही ना हो?"

"नाही काकू. संपलं ते."

"बरं," असं म्हणून काकू फोन ठेवतात. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारतात.