पुढं कोण हाय?

झेरॉक्सचं यंत्र तापून प्लास्टिकचा वास सुटला, की कंपन्यांच्या मनमानीविरुद्ध मी काढतो ती पत्रकं हातात तशीच राहतात. लहानपणी उंब्रजमधल्या एका दुपारी माझ्या व्हिडिओ गेमचा अडॅप्टर असाच तापला होता.

रफीक माझा जिवलग मित्र. वडिलांच्या कामामुळं तो कुपवाडला गेला आणि तिथं त्याच्या हृदयाचं दुखणं बळावलं. त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्याला माझ्याशी मोटारींची एक शर्यत खेळायची होती. त्याचं मशीन एका कंपनीचं, माझं दुसरीचं. एकाची कॅसेट दुसऱ्यात बसू नये, याची दोन्ही कंपन्यांनी चोख काळजी घेतलेली. पण परदेशात कुणी तरी असली वैरी मशिनंही टेलिफोनच्या तारेनं जोडतं, असं आम्ही मासिकात वाचलं होतं. त्याला वेगळं यंत्र लागतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? मी टीव्ही आणि मशीन शेजारच्या काकांच्या फोनपाशी नेलं, रफीकला फोन लावला आणि रिसीव्हर मशीनवर ठेवला. जरा वेळानं उचलून विचारलं, “दिसतंय का रं काय?”

“न्हाई गड्या. नुसता तुझा आवाज येतोय. तोंडानंच खेळू. मी डावीकडं वळलो बघ.”

“ब्रेक मार की येड्या, आपटशील.”

तो हसला. हसताना त्याला धाप लागली. “आता पुढं कोण हाय?” त्यानं विचारलं आणि लाईन तुटली. दिवसभर पुन्हा लागली नाही. रफीक ऑपरेशनातून उठला नाही.

तेव्हा मी फोनला शिव्या दिल्या. आज कळतं, जोडायची युक्ती जगात होती. पण ती आमच्यासारख्या गावातल्या पोरांपर्यंत कुणी आणली नाही, आम्ही कुणाच्या गिऱ्हाइकांत नव्हतो. त्याचा जाब मी पत्रकांतून विचारत राहीन. रफीकला मात्र एवढंच सांगायचं राहिलं, “तूच.”