विंचवाचा शेवटचा सामना

मैदानावर त्याला सगळे विंचू म्हणायचे. सामनाभर कोपऱ्यात पडून असल्यासारखा दिसायचा, आणि आपली नजर जरा हलली की डंख मारून मोकळा. मी समोरच्या क्लबचा बचावपटू. त्याला रोखणं हेच माझं काम, त्यामुळे उभ्या कारकिर्दीत त्याच्या बायकोपेक्षा मीच त्याला जास्त चिकटून राहिलो असेन. मी त्याला कोपर मारलं, शर्ट ओढला, पायात पाय घातला. पठ्ठ्या कधी खोटा लोळला नाही, की रेफरीकडे रडत गेला नाही. उठायचा, गुडघे झटकायचा, की पुन्हा माझ्या डोक्याला ताप!

त्याच्या निरोपाच्या सामन्यात आमचे कोच माझ्या कानात म्हणाले, "आज सोड त्याला. जाता जाता एक गोल करू दे." मलाही पटलं. चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा मी घसरल्याचं नाटक करून वाट मोकळी केली. समोर फक्त गोलकीपर, तोही बाजूला सरकलेला. विंचवाने चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर मारला आणि माझ्यावर धावून आला.

"भीक घालतोस का रे? नीट खेळ!"

मग मीही पेटलो. त्याला हलू दिलं नाही. गोल झालाच नाही. लोकांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली.

सामना संपल्यावर तो लंगडत येऊन माझ्या शेजारी बसला.

"खरं सांग, शेवटपर्यंत माझी धास्ती होती ना?"

"शिट्टी वाजेपर्यंत पोटात गोळा होता."

"बास," तो म्हणाला, आणि हसत बुटांच्या नाड्या सोडायला वाकला.