पोखरलेल्या तुळईखाली

इंग्लंडमधली एक जुनी हवेली पाहायला गेलो आणि सवयीने बूट दारातच काढले. त्यामुळे वरच्या दिवाणखान्यातली फळ्यांची जमीन हलतेय, हे फक्त माझ्या मोज्यांना कळलं. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "अहो, तुमचेच पाय लटपटतायत!"

तेवढ्यात छतातून टकटक ऐकू आली. हवेली दाखवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुळयांतले किडे, छतातल्याही आणि या जमिनीखालच्याही. सरदारांचं घराणं संपलं, यांचं चालू आहे. मध्यभागी तेवढं उभं राहू नका."

मी बरोबर मध्यभागी होतो. भिंतीवरचे सगळे सरदार माझ्या पोटाकडे बघत होते. बाहेरून एवढं रुबाबदार घर, आतून नुसत्या धीरावर उभं! माणसंही अशीच उभी असतात का?

श्वास रोखून मी बायकोचा हात धरला. तो माझ्या पायांहून जास्त लटपटत होता.