अण्णांचा साखळीचा ट्रॅक्टर आणि दुपारची झोप

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली मी नाही. जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत लॅबला आहे. बी उगवलं तर उगवलं, नाही तर नाही. मधलं काही आम्ही लिहीत नाही. इथे या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचतानाही मी मनात उत्तर शोधत असते... वाऱ्याने दार हललं असेल, ताप असेल, भास असेल. माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र यातलं एकही उत्तर बसवता आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

आमचं शेत राजूरहून हसनाबादला जाताना, गावाच्या अलीकडे. काळी जमीन, वर सपाट आणि खाली नदीकडे उतरत गेलेली. वर दोन खोल्या आणि पत्र्याचं शेड. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच राहतात. शेडमध्ये अण्णांचा साखळीचा ट्रॅक्टर. त्याला चाकं नाहीत, रणगाड्यासारखा दोन लोखंडी साखळ्यांवर चालतो. स्टेअरिंगही नाही. सीटसमोर दोन उभे दांडे, एक डावा, एक उजवा, आणि पायाशी दोन ब्रेक. माझ्या जन्माच्या आधी कुठल्याशा धरणाच्या कामावरून लिलावात निघालेला तो अण्णांनी हौसेने आणला होता. हरळी माजलेली वावरं खोल नांगरून द्यायला त्यांना लांबलांबून बोलावणी यायची. दुसऱ्या कुणाला त्यांनी त्या सीटवर कधी बसू दिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळे नाही... एक राहिला. ‘बराबर’. भूक लागली तरी बराबर, चहा फिका झाला तरी बराबर, संतापले तरी बराबरच. त्यांना आणखी काय म्हणायचंय हे आम्ही त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायचो, आणि बहुतेक वेळा चुकायचो.

मागच्या थंडीत मी सुट्टी काढून गेले होते, तेव्हा आईने भंगारवाला बोलावला होता. "गंजून चाललंय नुसतं," ती म्हणाली. "जागा अडकून राह्यली." तो माणूस ट्रॅक्टरभोवती फिरायला लागला तसे अण्णा खुर्चीतून उठले, पाय ओढत गेले आणि साखळीवर डावा हात ठेवून खाली मातीतच बसले. भंगारवालाच ओशाळला आणि निघून गेला.

आणि मी बोलून गेले, "अण्णा, मी शिकते. खालच्या वावरातली हरळी आपणच काढू."

आईने कपाळाला हात लावला. "तुला स्कूटी धड वळवता येत न्हाई, वैशू!"

राजूरच्या मिस्त्रीने इंजिन खोलून, साफ करून सुरू करून दिलं. काळा धूर निघाला आणि सगळं शेड थरथरलं. अण्णांचा चेहरा इतका उजळलेला मी झटक्यानंतर पहिल्यांदा पाहिला. पण मिस्त्रीला चालवता येत नव्हतं. शिकवणार कोण? अण्णाच. बांधावर खुर्ची टाकून ते बसले आणि डाव्या हाताने खुणा करायला लागले.

माझी पहिली सकाळ म्हणजे नुसता तमाशा होता. डावा दांडा ओढला की डाव्या साखळीचा जोर सुटतो आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो, एवढं कळलं. पण मी ओढला की तो वळायचा नाही, गिरकीच घ्यायचा. सरळ जाताच येईना. आईची टोमॅटोची रोपं गेली, ठिबकची नळी गेली. अण्णा हात उंच करून ओरडत होते, "बराबर! बराबर!" आणि काय चुकतंय ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी हात खाली टाकला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी इंजिन बंद केलं.

दुपारी भाकरी खाऊन अण्णा त्यांच्या खाटेवर पडले. मी खाली गोधडीवर आडवी झाले. कधी डोळा लागला कळलं नाही.

स्वप्नात मी ट्रॅक्टरवर होते. वावर आमचंच, पण बांध नव्हते. सगळीकडे पांढरट उजेड, सकाळी धुकं असतं तसा, पण ऊन लागत होतं. इंजिनाचा आवाज लांबून पिठाची गिरणी चालावी तेवढाच. आणि माझ्या मागे, नांगराच्या दांडीवर पाय ठेवून अण्णा उभे. ते बोलत होते. पूर्वीसारखं, सलग, मध्येच हसत.

"हिसका कशाला देऊन राह्यली? दांडा ओढायचा न्हाई, बोलवायचा. बैलाला कासरा कळतो ना, तसं. थोडा घे अन् सोड. मंग परत घे."

मी थोडा घेतला, सोडला. ट्रॅक्टर पाण्यावर होडी वळावी तसा वळला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मी उठून ट्रॅक्टर काढला, दांडा थोडा घेतला, सोडला... आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले. अण्णा खुर्चीच्या हातावर थापा मारत होते.

तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. दिवसभर केलेलं मेंदू झोपेत घोळवतो, हे मी वाचलेलं होतं.

पण मग ते रोज व्हायला लागलं. सकाळी चुकायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी जमायचं. स्वप्नात नेहमी तोच पांढरा उजेड, आणि मागे अण्णा. ट्रॅक्टरचंच बोलायचे असं नाही. एकदा म्हणाले, "तुझ्या आईला मी पहिल्यांदा याच्यावरच बसवून बाजाराला नेल्तो. सगळं गाव हसलं." खरं सांगते, मला दुपारची ओढ लागली. दोन वर्षांनी माझे वडील माझ्याशी बोलत होते. स्वप्नातलं का होईना.

वरच्या सपाटीची नांगरट झाली. त्या दुपारी ते स्वप्नात म्हणाले, "आता उतार. नीट ऐक. नांगर जमिनीत आहे तवर तो मागून धरून ठेवतो. नांगर उचलून खाली उतरलीस तर सगळं उलटं होतं. उजवीकडं जायचंय तर डावा बोलाव."

"असं कसं अण्णा? काहीतरीच!"

"ऐक तर खरी," ते हसले. "मीबी पहिल्यांदा असंच म्हणलो होतो."

उठल्यावर मलाच हसू आलं. स्वप्नं अशीच असतात, एखादी गोष्ट उलटी करून ठेवतात. मी नांगर उचलला आणि नदीकडच्या उताराला लागले. डाव्या बाजूला दरड आहे, खाली नदीचं कोरडं पात्र. अर्ध्या उतारावर ट्रॅक्टर आपल्या वजनाने घरंगळायला लागला, दरडीकडे सरकतोय असं वाटलं, म्हणून मी उजवा दांडा ओढला.

तो डावीकडे वळला.

अजून जोरात ओढला. अजून डावीकडे. साखळीचं पुढचं टोक, त्याच्यापुढे थोडं गवत, आणि त्यापुढे काही नाही... मी उजवा दांडा सोडला आणि डावा घेतला. तसा अगदी सावकाश ट्रॅक्टर उजवीकडे फिरला आणि खालच्या सपाटीवर येऊन थांबला. मी इंजिन बंद केलं आणि सीटवरच बसून राहिले.

आई धावत खाली आली. मला हात धरून उतरवलं, पाणी पाजलं. मी तिला सगळी स्वप्नं सांगितली. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली.

"मी रोज पाहून राह्यले," ती म्हणाली. "तुम्ही दोघं झोपेत हात हलवता. तू खाली, हे खाटेवर. तू डावा ओढला की हे डावा ओढतात, तू उजवा की हे उजवा. एकाच वेळी."

"अण्णांचा उजवा हात हलतो?"

"झोपेत हलतो. जागेपणी न्हाई."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बोलले अन् थांबलं तर?" आई म्हणाली. "म्हणून दारात नुसती बसून राहायची."

रात्री मी नेटवर शोधलं. नांगर उचललेला साखळीचा ट्रॅक्टर उतारावर खरंच उलटा वळतो; ज्या बाजूचा दांडा ओढला ती साखळी मोकळी होऊन जास्त वेगाने घरंगळते. हे मला आधी कुणी सांगितलं होतं का, कुठे वाचलं होतं का, खूप आठवून पाहिलं. नाही. अण्णांना विचारलं, "तुम्ही शिकवलंत ना मला?" ते म्हणाले, "बराबर." पण ते प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतात. लॅबच्या भाषेत हा पुरावा नाही.

खालचं वावर नांगरून झालं त्या दिवशी शेवटचं स्वप्न पडलं. इंजिन बंद होतं. अण्णा शेजारी साखळीवर बसले होते, उजव्या हाताने ढेकूळ फोडत. "झालं आता," म्हणाले. "माझ्याकडं शिकवायला काही राह्यलं न्हाई."

मी घाईने विचारलं, "अण्णा, तुम्हाला त्रास होतो का? काय हवंय तुम्हाला?"

ते जरा थांबले. "ते मोठ्यानं बोलणं बंद करा बिलकुल. कान शाबूत आहेत माझे."

जागी झाले तेव्हा आई खाटेशी वाकून त्यांच्या कानाजवळ ओरडत होती, "चहा घेता का, चहा?" आणि मला एकदम दिसलं, झटक्यापासून आम्ही सगळेच त्यांच्याशी असं बोलत होतो. मी, आई, आलागेला प्रत्येक जण. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि साध्या आवाजात म्हटलं, "अण्णा, चहा ठेवू का?"

त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला... जसा खूप वेळ डोक्यावर असलेलं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यावर पडतो.

त्यानंतर स्वप्न नाही. डॉक्टरांना हाताचं सांगितलं. ते म्हणाले झोपेत स्नायू आपोआप हलू शकतात. माझा आणि त्यांचा एकाच वेळी कसा, यावर त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. मीही जास्त विचारलं नाही. सुट्टीला गेले की जेवणानंतर अजून तिथेच गोधडी टाकते. झोप लागते, गाढ लागते, आणि त्यात काहीच नसतं. पण घरात आता सगळे हळू बोलतात, आणि आधी खाली मान घालून जेवणारे अण्णा जेवताना आमच्याकडे मान वर करून बघतात. हे सगळं कसं घडलं, मला खरंच माहीत नाही.