हळदकुंकू वाहिलेला व्हिडिओ गेम

मामानं खामगावहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला, तेव्हा आईनं आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्या पिंपळगाव राजात विहिरीवर नवं इंजिन बसवलं तरी हेच करत. पण कुंकू लागलं आणि त्या डब्याचा देव झाला. "हातपाय न धुता देवाले हात काऊन लावून राह्यला बे?" आई दारातूनच ओरडायची.

मी बटण दाबलं, की पडद्यावरची गाडी वळायची. इथे माझं बोट आणि तिथे गाडी! अंगावर काटा यायचा. त्या एका वळणासाठी गल्लीतली सगळी पोरं साबणानं कोपरापर्यंत हात घासायची आणि ओले हात वर धरून ओसरीवर बसायची. शाळेत स्वच्छतेचे धडे घोकून आमची तोंडं दुखली होती, हात मात्र काळेच राहिले होते.

दर हिवाळ्यात यायच्या तशा नर्सबाई खरजेचं मलम घेऊन आल्या. त्यांनी पोरांच्या बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या. कुणालाच खरूज नव्हती.

"कोनाचं औषध देल्लं वं बाई यायले?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं टीव्हीपुढच्या डब्याला हात जोडले. पुढे काही न विचारता नर्सबाईंनीही जोडले.