रामाप्पा शिपाई पळाले नव्हते

१. आज सकाळी मंद्रूपच्या घरी हेळवी आले. ते दारोदार फिरून घराण्यांची वंशावळ तोंडपाठ सांगतात.
२. मी खापरपणजोबांच्या भावाबद्दल, रामाप्पांबद्दल विचारलं. इंग्रजांच्या काळात ते शिबंदीत, म्हणजे स्थानिक फौजेत, शिपाई होते. एक दिवस ते पळून गेले, असं आमच्या घरात सांगतात.
३. हेळवी म्हणाले, "पळालं न्हाय, ताई. दुधनीला घरजावई गेलं की!"

मी डेटाबेसचं काम करते. तरीही जुन्या नोंदी आजवर फक्त मंद्रूपच्या नावानेच शोधल्या होत्या.

आत्या हसली. "बाप्या बायकोकडं नांदायला जाईल, हे तुला सुचलंच न्हाय व्हय?" मग म्हणाली, "आमी उगंच त्यास्नी पळपुटं म्हणत आलो."

दुपारी दुधनीच्या नावाने शोधलं. एक रामाप्पा शिपाई सापडले. वडिलांचं नाव जुळतं. पण एवढ्यावर खात्री होत नाही.

हेळवी रविवारी गाव सोडतील. दुधनीच्या शाखेतलं कुणी समोर बसल्याशिवाय ते वंशावळीत नावं जोडत नाहीत. आत्याने पुरणाची डाळ आत्ताच काढून ठेवली आहे.

दुधनीत कुणाच्या घराण्यात शिबंदीतले रामाप्पा असतील, तर कृपया शनिवारपर्यंत इथे कळवा.