सर्जेरावांचा खोडवा

आमचं विद्यापीठ बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्यालाच लागतं. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. मी सबिना तांबोळी, आस्थापना विभागात लिपिक. नेमणूक, बदली, भत्ता, सगळे आदेश माझ्या हातून टाइप होतात. त्यामुळे कोणता साहेब किती पगार उचलतो ते मला कळतं. पण तो कसा उचलतो ते मला सर्जेराव आबांनी शिकवलं.

आबा म्हणजे कुलसचिवांच्या केबिनबाहेरचे शिपाई. गाव वरकुटे. भरघोस मिशा, इस्त्रीचा शर्ट, बूड लाकडी स्टुलावर आणि कान दाराच्या फटीला. ते दार कधीच नीट लागत नसे. दुरुस्तीला सुतार आला की आबा त्याला चहा पाजायचे, घरची खुशाली विचारायचे आणि वाटेला लावायचे.

आमच्याकडे कुलसचिवापासून माळ्यापर्यंत झाडून सगळे उसातले. म्हणून साहेब लोकांच्या कमाईला आबांनी नावं ठेवली तीही उसातलीच. एखाद्या साहेबाकडं स्वतःच्या खुर्चीबरोबर आणखी दोन विभागांचा कार्यभार असला आणि त्याचा वेगळा भत्ता चालू असला, की ते 'आंतरपीक'. उसात हरभरा टाकल्यासारखं. दिवाळीला आम्हाला उरलेली सोनपापडी आणि सरत्या वर्षाची डायरी मिळते, ते 'वाढं'. ऊस कारखान्याला गेल्यावर शेंड्याचा पाला जनावरापुढं टाकतात, तोच मान.

समित्यांच्या दिवशी तर आबांना उसंत नसायची. सकाळी खरेदी समिती बसायची, ती उठली की क्रीडा समिती, मग ग्रंथालय समिती. माणसं तीच, टेबल तेच. फक्त अध्यक्षानं मध्ये बसायचं म्हणून खुर्च्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक बैठकीचा भत्ता निराळा निघायचा. आबा बाकरवडीची तीच बशी बाहेर आणायचे आणि तीच पुन्हा आत न्यायचे. जाता जाता आमच्या टेबलापाशी थांबून सांगायचे, "खरेदीचं रान भिजलं. आता खेळाच्या रानाला पाणी द्यायला दारं धरलंय." आम्ही फायलीत तोंड घालून हसायचो.

पण त्यांचा सगळ्यात गाजलेला शब्द म्हणजे 'खोडवा'. ऊस तोडून नेला तरी जमिनीत खोड राहतं. त्याला पाणी दाखवलं की दुसरं पीक येतं. नांगरट नको, बेणं नको. तसाच एखादा साहेब निवृत्त होतो, हार-नारळ घेऊन जातो आणि सोमवारी 'सल्लागार' म्हणून त्याच केबिनमध्ये उगवतो. पेन्शनही चालू, मानधनही चालू. हा खोडवा. तोच आणखी एकदा उगवला तर निडवा. हे शब्द आमच्या इमारतीत इतके रुळले, की एकदा मी आदेशाच्या मसुद्यात 'फेरनियुक्ती' ऐवजी 'खोडवा' टाइप केलं होतं. वेळेवर दिसलं म्हणून नोकरी राहिली.

आमचे कुलसचिव मोहोळकर साहेब स्वतःच खोडवा होते आणि निडव्याच्या तयारीला लागले होते. यावेळी मात्र व्यवस्थापन परिषदेत कोणीतरी विचारलं, ही सवलत नेहमी वरच्यांनाच कशी मिळते? त्यावर साहेबांनी एक धोरण काढलं. 'अनुभवी कर्मचाऱ्यांचा सन्मान' असं त्याचं नाव. त्या धोरणाला शोभेसाठी एक शिपाई हवा होता, आणि नेमके त्याच महिन्यात आबा निवृत्त होत होते.

इथं रेश्माबद्दल सांगायला हवं. रेश्मा आमच्या मजल्यावर रोजंदारीवर आहे. फरशी पुसणं, फायली वाहणं, आबा तंबाखू मळायला खाली गेले की साहेबांच्या घंटेला धावणं, सगळं तीच करते. आबांची जागा रिकामी झाली की ती तिला मिळणार, हे तिला सांगून सांगून लोक थकले होते. ती नाही थकली. मला म्हणायची, "ताई, मी त्या स्टुलावर बसणार न्हाय. मी पाठ असलेली खुर्ची मागणार हाय. पाठ लई भरून येती."

तर त्या आठवड्यात मोहोळकर साहेबांनी आबांना आत बोलावलं. कामाला नव्हे, बसायला. आबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नवऱ्यामुलासारखा झाला होता. तडक माझ्यापाशी आले.

"सबिना, साहेबांनी खुर्ची दिली. हात असलेली खुर्ची गं."

"आणि?"

"आन् दोन वरीस वाढवून दिली. व्हय म्हणालो."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ज्या माणसानं अख्ख्या विद्यापीठाला खोडवा म्हणून हिणवलं, तो माणूस हात असलेल्या एका खुर्चीवर विरघळला होता.

"आबा, तुम्ही खोडवा?"

"हळू बोल." ते स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. "घरी जाऊन करू काय? पोरगा युवराज ट्रॅक्टरला हात लावू देत न्हाय. म्हणतो, बाबा, तुमी नुस्तं बसा. आन् तुझी काकू, लग्न झाल्यापास्नं माझ्या एका बोलण्यावर हसली न्हाय. हितं मी तोंड उघडायच्या आधी तुमी हसताय. तितं माझं ऐकणार कोण?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते टिकलं नाही.

"आणि रेश्मा?"

"तिचं वय हाय अजून. दोन वरीस थांबली तर काय बिघडतंय?"

माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य मोहोळकर साहेब आपल्या जागी येऊ पाहणाऱ्या उपकुलसचिवाबद्दल बोलले होते, आणि दाराच्या फटीतून ऐकून, वर मिशीवर ताव देत, मला ते सांगितलं होतं याच आबांनी. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. ते स्टूल उचलून उठले. फक्त, आदेश निघेपर्यंत कोणाला सांगू नकोस, विशेषतः काकूला, एवढं बजावून गेले.

काकूला का नाही, तर वरकुट्यात मांडव घातला होता म्हणून. आमच्या भागात माणूस निवृत्त झाला की त्याला वाजत गाजत घरी नेतात आणि गावजेवण घालतात. धोंडाबाई काकूंनी आचारी ठरवला होता, बुंदी सांगितली होती, पाहुण्यांना सांगावे गेले होते. गावाच्या तोंडाला भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर आबा गॉगल घालून उभे होते आणि त्यांच्यापेक्षा मोठे फोटो पुतण्यांचे होते. एवढं झाल्यावर 'मी परत कामावर जाणार' हे सांगायची आबांची छाती झाली नाही. रविवारचं जेवण उरकायचं, सोमवारी गुपचूप एसटी धरायची आणि चार्ज द्यायचा राहिलाय म्हणून सांगायचं, असा त्यांचा बेत. चार्ज दोन वर्षं चालणार होता.

बेत तसा वाईट नव्हता. शिपायाच्या जेवणाला साहेब लोक कधी येत नाहीत. पण यावेळी मोहोळकर साहेब आले. त्यांना धोरणासाठी फोटो हवा होता. विद्यापीठाच्या गाडीतून आले, म्हणजे दौराही दाखवला असणार.

वरकुट्यात भाषणं आणि पंगत एकाच वेळी चालतात. त्यामुळे भाषण वाया गेलं तरी अन्न वाया जात नाही. स्टेजवर आबा फेटा बांधून, आहेराचे टॉवेल खांद्यावर घेऊन बसले होते. पुढ्यात ताट होतं. खाली माणसं आमटी-भात ओरपत होती. रेश्मा रविवारची शेतातली मजुरी बुडवून आली होती आणि पदर खोचून बुंदीची बादली फिरवत होती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. आबा तिच्याकडं बघत नव्हते.

मोहोळकर साहेबांनी माइक घेतला. आबांची सेवा, निष्ठा वगैरे सगळं बोलून झालं. मग आवाज चढवून म्हणाले, "अशा माणसाला आम्ही सोडणार नाही! सर्जेराव उद्यापासून पुन्हा आमच्या सेवेत रुजू होत आहेत!"

आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या त्यांच्या स्वीय सहायकानं वाजवल्या.

पहिल्या पंगतीतून आबांचे चुलते गेणबा यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजी ह्यो उद्या परत कामावर जाणार?"

"अर्थात!" साहेब म्हणाले.

"मग आमी जेवतोय कशाचं?"

मांडवात चुळबुळ झाली. शेजारची बनाबाई उठली आणि थेट स्टेजपाशी गेली. "सर्जा, माझा टॉवेल दे बाबा. दोन वर्सांनी परत घालायचाच हाय, तर तवर घरात वापरीन की."

तेवढ्यात मागून आमचा ड्रायव्हर महंमद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खोडवा!"

त्या मांडवात एकही माणूस असा नव्हता ज्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागेल. असा हशा उसळला की आचारी भट्टी सोडून बघायला आला. आबांनी आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, पण स्वतःला ठेवलेलं नाव असं भर मांडवात ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान खाली घातली. धोंडाबाई काकू पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. नवऱ्याकडं नुसत्या बघत राहिल्या.

रेश्माही मध्येच थांबली होती. मग ती बादली घेऊन स्टेजवर चढली आणि आबांच्या ताटात दोन झारे बुंदी वाढली.

"घ्या आबा. तुमच्या निरोपाची हाय."

रागानं वाढली असती तर आबांनी काहीतरी टोला हाणला असता. उत्तर त्यांच्या जिभेवर कायम तयार असतं. पण ती नेहमीसारखीच बोलली, रोज चहा देताना बोलायची तशी. आबांनी बुंदीकडं पाहिलं. मग उठले आणि साहेबांच्या हातातून माइक घेतला.

"साहेब, तुमी मला हात असलेली खुर्ची दिली. लई बरं वाटलं. म्हणून व्हय म्हणालो, खोटं बोलत न्हाय. पर खोड ठिवलं की रान अडून ऱ्हातं. ते रान रेश्माचं हाय. माझं खोड काढा."

मोहोळकर साहेब गडबडले. "अहो सर्जेराव, पण आदेश निघालाय!"

"आदेश निघू द्या. गाव जेवलंय न्हवं?" आबांनी फेटा सावरला, आणि त्यांच्या आवाजात स्टुलावरचे आबा परत आले. "आमच्यात एकदा का माणसाच्या नावानं बुंदी वाढली, की त्यो माणूस परत येत न्हाय. आन् आलाच, तर लोक त्याला पगार देत न्हाईत साहेब, मांत्रिक आणत्यात!"

मांडवात पुन्हा हशा फुटला. गेणबांना ठसका लागला. आणि टाकीपाशी धोंडाबाई काकूंनी तोंडाला पदर लावला. आधी खांदे हलले, मग पदर निसटला, मग त्या टाकीला हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मोहोळकर साहेबांनाही हसावंच लागलं, कारण फोटो चालू होते. बनाबाईनं टॉवेल परत आबांच्या खांद्यावर टाकला.

सोमवारी मी आदेश रद्द केल्याचा आदेश टाइप केला. इतकं मनापासून मी आयुष्यात काही टाइप केलं नव्हतं. मोहोळकर साहेबांचा निडवा मात्र यथावकाश उगवलाच. त्यांना कोणी गावजेवण घातलं नव्हतं, त्यामुळे परत यायला अडचण नव्हती. रेश्माची नेमणूक बऱ्याच तगाद्यांनी झाली, आणि पाठ असलेली खुर्चीही आली. रुजू झाल्याबरोबर तिनं पहिलं काम केलं ते सुताराला बोलावून साहेबांचं दार दुरुस्त करून घेण्याचं. आता ते घट्ट लागतं, आणि आत कुठल्या रानाला पाणी चाललंय ते आम्हाला काही म्हणता काही कळत नाही.

मध्यंतरी आबांचा फोन आला. मला वाटलं, साहेबांची खबर विचारतील. निडव्याला कसा उतारा पडतोय, आंतरपीक काय काय घेतलंय, सगळं सांगायची मी तयारी केली होती. आबांनी त्यातलं काही विचारलं नाही.

"सबिना, एक खरं सांग. त्या दिशी मांडवात तुझी काकू हसली, ती तू सोत्ता बघितलीस न्हवं?"

"बघितलं आबा. चांगल्या पोट धरून हसल्या."

"मग जरा तिला सांग," असं म्हणून त्यांनी फोन काकूंपुढं धरला असावा, कारण आवाज बारीक झाला. "रोज म्हणती, म्या हसलेच न्हाय म्हणून."

आणि पलीकडून काकूंचं हसू मला स्पष्ट ऐकू आलं.